इथल्यासारखंच पाणी

"लांबून काय बघताय? चावत नाही तो," काका म्हणाले आणि त्यांनी पंपाचं बटण दाबलं.

तो पुढे झाला, पण रस्त्याकडे पाठ करूनच. गाडीही त्याने मागच्या गल्लीत लावली होती. काका आपलं गाड्यांचं वॉशिंग सेंटर बंद करताहेत, सामान विकायला काढलंय, हे कळताच तो धावत आला होता. नवी मशीन घेणं त्याच्या आवाक्याबाहेर होतं. हे सामान हातचं गेलं, तर त्याचा धंदा सुरू होण्याआधीच बसणार होता.

पंपाचा आवाज खणखणीत होता. फोम गन, व्हॅक्यूम, पाइपांची वेटोळी, सगळं धुऊनपुसून मांडलेलं.

"चांगलं चाललेलं बंद का करताय?" विचारायला हवं म्हणून त्याने विचारलं.

"समोर कोणीतरी पत्रे ठोकलेत. मोठं वॉशिंग सेंटर होतंय म्हणे. नव्यापुढे जुन्याला कोण विचारतो? हसं होण्याआधी आवरलेलं बरं."

त्याने मान खाली घातली. अशा माणसाशी भावाची घासाघीस कशी करायची? त्याला लाजच वाटली.

"तुमचं कुठे काढताय?"

"लांब आहे. दुसऱ्या गावाला."

"पाणी कसंय तिथलं?"

"इथल्यासारखंच," तो बोलून गेला.

काकांची नजर त्याच्या बुटांवरच्या ओल्या सिमेंटवर गेली. "म्हणजे जड. काचेवर पांढरे डाग पडतात. हा फिल्टर असाच घेऊन जा. शॅम्पू कोणाचा घेणार?"

"तो पिवळ्या कॅनवाला आहे ना, त्याचा."

"अजिबात नको. बोलणाऱ्याची माती खपते, त्यातला आहे तो. निम्मं पाणीच विकतो."

काकांनी तिथल्या तिथे आपल्या शॅम्पूवाल्याला फोन लावला. "आपलाच माणूस आहे. माल नीट दे," त्यांनी बजावलं.

'आपलाच' ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंनी आणलेला चहा त्याने दोन घोटांत संपवला. भावही काकांनी स्वतःहूनच उतरवला, तेव्हा त्यांच्याकडे वर बघायचीही त्याला हिंमत झाली नाही.

"उद्या टेम्पो घेऊन येतो," तो कसाबसा म्हणाला.

"टेम्पो कशाला रे?" काकांनी फाटक सताड उघडलं. "रस्ताच तर ओलांडायचाय. ढकलत नेऊ दोघं."