आठ हजारांचा काटा

काटा आठ हजारांवर टेकला आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"देखा भिया?" निखिल गाडीच्या खिडकीतून ओरडला. त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, पुन्हा दाबला. देवास रोडच्या कडेच्या मोकळ्या मैदानात धूळ उठली. रविवारची सकाळ होती. मंदारच्या गॅरेजची सगळी गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या घेऊन जमली होती, आणि जो तो आपलं इंजिन बोंबलवून दाखवत होता. उकिरड्यावरचे कोंबडे निदान पहाट झाली म्हणून आरवतात.

निखिलची मोठी बहीण मुक्ता गाडीपासून जरा लांबच उभी होती. जवळ थांबणं तिला शहाणपणाचं वाटत नव्हतं. कंपनीने हे इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर अडवलं होतं. मंदारने म्हणे ते आठ हजारांपर्यंत मोकळं केलं होतं. कंपनीचं मीटर काढून त्याने लाल काट्याचं नवं बसवलं होतं आणि बॉनेटवर स्वतःच्या नावाचा स्टिकर चिकटवला होता. स्टिकर तेवढा सरळ बसला होता.

गाडी गॅरेजात जाण्याआधीच एकदा जेवताना तिने निखिलला समजावलं होतं. "टर्बोची हवा पिस्टनच्या दांड्याला दाबते. तो दाब दांडा बहुतेक वेळा सोसतो. पण फेरे वाढले की दांडा ताणला जातो, आणि ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. सहाचे आठ केलेस की जवळजवळ पावणेदोनपट. एक बोल्ट तुटला की दांडा इंजिन फोडून बाहेर येईल."

"ताई, तुझी एमएस्सी कॉलेजात चालव. गाडीला फीलिंग लागतं."

फीलिंग. याच गाडीतून दर आठवड्याला आईला डायलिसिससाठी इंदूरला न्यायचं होतं. मधल्या रस्त्यात इंजिन फुटलं तर फीलिंगवर ढकलत नेणार होता का तो आईला?

खरा राग तिला आईचाच होता. सुलभाताईंनी जन्मभर शाळेत मुलींना गाणं शिकवलं. मागच्या बाकावरची मुलगी कणभर बेसूर झाली तरी त्यांची पट्टी टेबलावर आपटायची. पण निखिलने गाडीचं विचारलं तेव्हा त्या नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "करून घे, बाबा." मुलगा समोर आला की भल्याभल्या बायकांचे डोळे मिटतात, ते मुक्ताने त्या दिवशी घरातच पाहिलं.

निखिलने पुन्हा पाय दाबला. काटा आठ हजारांवर थरथरत राहिला. आणि मुक्ताच्या कानाने काहीतरी ओळखलं.

हा तर तिचा सा होता. पेटीची पांढरी पाच. ज्या सुरात ती लहानपणापासून रियाजाला बसायची, तोच, फक्त घसा फाटलेला.

तिने फोनवर तानपुरा जुळवायचं अ‍ॅप उघडलं. सेकंदाला एकशे शहाण्णव कंपनं. चार सिलिंडर, प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट. म्हणजे सेकंदाला अठ्ठ्याण्णव फेरे, मिनिटाला सहा हजारांच्याही आतच. खरोखर आठ हजार असते तर सूर मध्यमाच्या घरात चढायला हवा होता. तो सा वर अडकून ओरडत होता.

ती थेट मंदारकडे गेली. तो गॉगल लावून दुसऱ्या कुणाच्या तरी बॉनेटवर रेलला होता.

"काटा खोटा आहे."

मंदारने गॉगल काढला. "ताई, हळू."

"इंजिनाला तू हातसुद्धा लावलेला नाहीस. ही फसवणूक आहे."

"मग सांगा त्याला. आत्ताच सांगा. दुपारी तो इंदूरला जाईल आणि कुणाकडून तरी खरंच आठ हजार करून आणेल. चालेल?"

इतके दिवस मुक्ता त्याला मूर्ख समजत होती. तो लबाड निघाला. ही बढती त्याला द्यावीच लागली.

"ताई!" निखिलने गाडीतूनच हाक मारली. "फोनवर मोजत होतीस ना? सांग की सगळ्यांना, कितीवर गेली!"

सगळी पोरं तिच्याकडे वळली. प्रयोगशाळेत दशांशापुढचा आकडासुद्धा जिने कधी आपल्या सोयीने बदलला नव्हता, ती मुक्ता म्हणाली, "आठ हजार."

"देखा? साइंस ने भी मान लिया!"

पुन्हा शिट्ट्या झाल्या.

दोघं माधव नगरला घरी पोहोचले तेव्हा आई ओसरीत मेथी निवडत बसली होती. निखिलने नेहमीसारखं फाटकापाशी इंजिन एकदा पुरतं बोंबलवलं, मग बंद केलं आणि शीळ घालत आत गेला. आईचे हात तेवढा वेळ थांबले होते. मग पुन्हा मेथीवर चालू लागले.

मुक्ता तिच्याजवळ बसली. "आई, त्या मंदारने निखिलला चक्क..."

"फसवलंय. माहीत आहे. मीच सांगितलं त्याला."

"तू?"

"पोराला काटा पुढे गेलेला हवा होता, म्हटलं काटाच पुढे ने." सुलभाताईंनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "तुझं फिजिक्स बरोबर होतं गं. ते निखिलला पटवायला बसलीस, तिथे चुकलीस."

"आणि मंदारने तुझं ऐकलं नसतं तर? तुला कसं कळणार होतं?"

"रोज फाटकाशी बोंबलवतो ना हा?" आई म्हणाली. "मी रोज ऐकते. अजून सा सोडलेला नाही. ज्या दिवशी मध्यमाकडे सरकेल, त्या दिवशी मी इंदूरला बसने जाईन."