वारेचा तुकडा

"वार न्हाई द्यायची," सुलाबाई म्हणाली आणि दवाखान्याच्या पायरीवर तिनं बैठक मारली. "दुसरं काय बी माग."

राजेश्वरीनं बर्फाचा डबा खाली ठेवला. सांगलीहून आटपाडीकडच्या या सरकारी दवाखान्यापर्यंत ती सकाळपासून एसटीत हिंदकळत आली होती. आत सुलाबाईची सून मंगल बाळंत झाली होती. मुलगा झाला होता. मंगलची हरकत नव्हती, डॉक्टरांचीही नव्हती. पण घरात शब्द सासूचा चाले, आणि सासू पायरी सोडायला तयार नव्हती.

"आवं मावशी, बोटाच्या पेराएवढा तुकडा. बाकीची सगळी तुम्ही न्या."

"पेराएवढा काय आन् पाटीएवढा काय! अख्खी वार दाराम्होरं पुराय लागती. मागल्या बारीला हिचं बाळ सातव्यातच गेलं, बाई. वार कुठं टाकली, कुणी सांगितलं बी न्हाई. ह्या बारीला मी कसूर ठेवायची न्हाई."

राजेश्वरी शेजारी पायरीवर टेकली. तिची बहीण पल्लवी अशीच दोनदा रिकाम्या हातांनी घरी परतली होती. वारेत दोष, मग रक्तदाब चढलेला, मग सगळंच संपलेलं. त्या दोषाचा सुगावा आधीच लागावा म्हणून तर तिनं या कामाला वाहून घेतलं होतं.

कोट्यवधी वर्षांपूर्वी एक विषाणू आपल्या पूर्वजांच्या अंगात शिरला आणि बिनबोलावल्या पाहुण्याचा घरजावई झाला. त्याच्याच एका प्रथिनाच्या जोरावर आज बाईची वार गर्भाला धरून असते; ते कमी पडलं की वारेत दोष. ते प्रथिन हुडकणारी अँटिबॉडी राजेश्वरीनं दोन वर्षं खपून तयार केली होती. वारेचा तुकडा वाटायचा, गाळायचा, पातळ पडद्यावर त्याचा ठसा घ्यायचा आणि वर अँटिबॉडी सोडायची. प्रथिन असेल तिथं पट्टी उजळते. मात्र ही खूण माणसाची. जनावरावर उजळली तर अँटिबॉडी खोटी, मोरीत ओतायच्या लायकीची.

कोंबडीवर ती उजळली नव्हती, उंदरावरही नाही. आता माणसावर उजळायला हवी होती, आणि माणसं वार देत नव्हती. ज्या ज्या घरी विचारलं तिथून ती हात हलवत परतली होती. महिनाअखेर पट्टी दिसली नाही तर विषय बंद, असं प्रयोगशाळेचे प्रमुख दिग्विजय सरांनी बजावलं होतं.

हे सगळं सुलाबाईला सांगणार कसं? ती एवढंच म्हणाली, "माझ्या बहिणीची पण दोन गेली, मावशी." आणि नको नको म्हणताना तिचे डोळे भरून आले.

सुलाबाई पायरीवरून उठली.

"रडू नगंस. डबा घे आन् वस्तीवर चल."

वस्ती माळावर होती. मेंढ्या व्यायचे दिवस, कोकरांचा नुसता कालवा चालला होता. सुलाबाईनं दवाखान्यातून आणलेली वारेची पिशवी घेतली, बर्फाचा डबा घेतला आणि राजेश्वरीला ओसरीवरच थांबवलं. "वारेच्या कामात परक्यानं यायचं न्हाई."

राजेश्वरी शेळीच्या दुधाचा चहा पीत बसली. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. सुलाबाईचा नवरा नानासो मेंढ्या कोंडायच्या वाघरीतून हात धूत आला.

"घोर करू नगा," तो म्हणाला. "म्हातारी अडून बसती खरी, पर कुणाला इन्मुख न्हाई धाडायची. तोड काढती."

थोड्या वेळानं सुलाबाईनं डबा तिच्या हातात दिला. "घे. ताजी हाय. पाया पडून काढलीया."

राजेश्वरीनं वाकून तिच्या पायांना हात लावला.

सांगलीच्या प्रयोगशाळेत पट्टी उजळली. ठसठशीत, नेमकी हवी त्या जागी. तिनं पुन्हा करून बघितलं, पुन्हा उजळली. कुणाला कधी शाबास न म्हणणाऱ्या दिग्विजय सरांनी स्वतः पेढे मागवले. ते प्रथिन थोडं रक्तातही उतरतं, म्हणून पुढच्या आठवड्यापासून गरोदर बायकांचं रक्त तपासायचं ठरलं. राजेश्वरीनं बहिणीला फोन लावला. पल्लवीला पुन्हा दिवस गेले होते. ती आधी रडली, मग म्हणाली, "पहिलं रक्त माझं घे. या वेळी तरी आधी कळू दे."

बारशाला राजेश्वरी अंगडं-टोपडं घेऊन वस्तीवर गेली. बाळाचं नाव मल्हार ठेवलं होतं. गुबगुबीत, पाळण्यात सारख्या लाथा झाडणारा. तिनं सुलाबाईच्या तोंडात पेढा घातला.

"मावशी, तुमच्यामुळं झालं हो. पट्टी उजळली. अगदी लखलखीत!"

सुलाबाईचा चेहरा फुलला. तिनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"लय बरं झालं, बाई. माझ्या जिवाला घोर लागला हुता, तुझं काम अडतंय का काय म्हून. मल्हारची तर अख्खी हितं दाराम्होरं पुरली, नखाएवढी बी तोडली न्हाई. तुला त्या दिशी व्यालेल्या मेंढीची दिली. मी म्हनलं, आईची वार ती. बाईची काय आन् मेंढीची काय, सारखीच की!"