हेमांगीताईंची नक्कल

रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये हेमांगीताईंचा आवाज स्वच्छ येत होता, पण मिक्सिंगच्या प्रोग्रॅमपर्यंत तो पोचतच नव्हता. स्टुडिओ चालवणाऱ्या श्रीरंगने दोन्ही प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केले, सेटिंग्ज तपासली. तानपुरा पोचला, तबला पोचला. ताई गायला लागल्या की जोडणी तुटायची.

शेवटी पडद्यावर कारण उमटलं : ‘हा आवाज नोंदणीकृत कृत्रिम आवाजाची नक्कल आहे.’

“नक्कल?” ताई ताडकन उठल्या. “माझीच जुनी गाणी वापरून या प्रोग्रॅमच्या कंपनीने तो आवाज बनवला, मला न विचारता! आणि नक्कल मी करते?”

श्रीरंग ओशाळला. “ताई, जरा बेसूर गाऊन बघता? आवाज वेगळा वाटला तर प्रोग्रॅम घेईल. सूर मी नंतर दुरुस्त करतो.”

रागारागाने ताईंनी एक ओळ मुद्दाम बेसूर गायली. जोडणी लगेच झाली.

“जन्मभर रियाज केला तो यासाठी?” त्यांनी हेडफोन काढून ठेवले. “बंद कर सगळं. रविवारी वरचा हॉल उघड आणि लोकांना बोलाव. मी समोर बसून गाईन.”

“माइक लावू ना?”

“नको. उद्या तोही विचारेल, तुम्ही कोण म्हणून.”