कपॅसिटरचा पाय

चार वाजून गेले तरी रिक्षा आली नाही, तेव्हा नीलाबाईंनी चहाचं आधण उतरवून ठेवलं. आज बोर्ड धड परत आला की संपलं. मग पुढच्या शनिवारी कोण येणार?

सर्किट बोर्ड, मासेमारीच्या बोटीचा. इंजिनाला डिझेल कधी आणि किती पाजायचं ते ठरवणारा. रिटायर झाल्यावर, घाटकोपरच्या दोन खोल्यांत बसून, त्यांनी एकटीने आखलेला. तो थरथर आणि उष्णता सोसतो का, ते बघायचं मशीन त्यांच्याकडे कुठलं असायला! म्हणून लवूभाऊंच्या रिक्षात, मागे इंजिनाला खेटून, आठवडाभर बांधायचा. आपल्या रस्त्यांवर टिकला तर समुद्रात सहज टिकेल. दर शनिवारी लवूभाऊ तो सोडवून आणत, दोन कप चहा पीत, नाहूर ते कुर्ला कोण कोण पॅसेंजर भेटले ते सांगत बसत. एरवी घराची बेल वाजवायचा तो कुरिअरवाला, आणि तो काही बसत नाही.

तीन शनिवार एकाच कपॅसिटरचा तारेचा पाय तुटून आला होता. पहिल्यांदा तो खरंच तुटला. पुढच्या दोन्ही वेळा नीलाबाईंनी कपॅसिटरखाली त्याला घट्ट धरून ठेवणारं सिलिकॉन लावलंच नव्हतं. छत्तीस वर्षं हेच काम केलेल्या बाईने! हे सांगायचं तरी कुणाला?

पण कालपरवा बोर्डाचं काम देणाऱ्या कंपनीतला मितेश फोनवर फाडकन बोलला, "मॅडम, शनिवारी पास नाही झाला तर मी काम दुसऱ्याला देतो." तसंही या खेपेला त्यांनी कपॅसिटर आडवा निजवला होता, पट्टीने आवळला होता, खाली सिलिकॉन भरलं होतं. लाज वाटली होती त्यांना स्वतःची. आता तो तुटणं शक्यच नव्हतं.

बेल वाजली. लवूभाऊ आत आले, कागदात बांधलेला मालवणी खाजा टेबलावर ठेवला, आणि बोर्ड पुढे केला.

"वाट लागली, मॅडम. परत तोच पाय."

नीलाबाईंनी चष्मा लावला, वर भिंग धरलं. थरथरीने थकून तुटलेली तार मळकी, खरबरीत दिसते. ही लखलखीत होती. दोन्ही बाजूंनी चिमटलेली. पक्कडीने कापल्यासारखी.

त्यांनी मान वर केली नाही. लवूभाऊ खिडकीकडे बघत होते. खाकी शर्टाचा खिसा कसल्यातरी वजनाने खाली ओढला होता.

"चहा टाकते," त्या म्हणाल्या, आणि बोर्ड घेऊन आतल्या खोलीत गेल्या. पाय डाग देऊन जोडला, मीटर लावला. बाकी सगळं ठणठणीत. त्यांनी मितेशला मेसेज टाकला: 'पास झाला. सोमवारी माणूस पाठव.'

मग कपाटातून दुसरा, जादाचा बोर्ड काढला. बाहेर येऊन तो लवूभाऊंच्या हातात दिला.

"हा बांधा आता. फार नाजूक काम आहे हो, लवूभाऊ. अजून बरेच शनिवार लागतील बहुतेक."

लवूभाऊंनी बोर्ड दोन्ही हातांनी धरला. इतक्या दिवसांत त्यांच्यापुढे ते एकदाही मालवणीत बोलले नव्हते.

"लागांदेत," ते म्हणाले. "माका खंय घाई आसा?"