उन्हाची भिंत

ताटलीवरचा चमचा घसरून टणकन फरशीवर पडला. स्वयंपाकघरातली शांतता मोडली, पण तो उचलायला कुणी हललं नाही. घरातली चिमुरडी, मुंगी, स्टुलावर ताठ बसली होती. तिची दोन दात पडलेली मैत्रीण दाराशी उभी होती. आणि मुंगीची आई ओट्याला टेकून खिडकीकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती.

"तुमचा पाहुणा काही येत नाही वाटतं," मैत्रीण म्हणाली.

"येतो. दर वर्षी येतो," मुंगी म्हणाली.

खरंच यायचा. हे स्वयंपाकघर घराच्या मागच्या अंगाला, अंधारं. भरदुपारीही दिवा लावावा लागे. पण मावळता सूर्य सरकत सरकत उन्हाळ्याच्या टोकाला पोचला, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आला, की मागच्या मोकळ्या जागेवरून त्याची तिरीप थेट खिडकीतून आत शिरे. समोरच्या भिंतीवर मधाच्या रंगाचं ऊन. त्या उन्हात मागच्या झाडाची पानं हलत.

त्या दिवशी या घरात भिंतीवरची भांडी उतरवायची, भिंत पुसायची आणि मुंगीला उन्हात उभं करायचं. बाबा गवंडी. कानामागची जाड पेन्सिल काढून ते तिची सावली भिंतीवर गिरवायचे. पहिल्या वर्षीची सावली आईच्या कडेवरची, नुसतं गाठोडं. मग बसलेली. मग उभी. गेल्या वर्षीची एका पायावर, कारण बाई एका जागी थांबेनात.

यंदा सावलीला वेण्या हव्या होत्या. त्यासाठी मुंगीनं वर्षभर केसांना कात्री लावू दिली नव्हती.

मागची जागा मात्र आता मोकळी नव्हती. झाड थंडीतच तोडलं गेलं. तिथं इमारत उभी राहत होती. हिरव्या जाळीआड काय चाललंय ते इतके दिवस दिसत नव्हतं. आज सकाळी जाळी उतरली. इमारतीची खिडकीसमोरची भिंत जवळजवळ पुरी झाली होती. एका खांबालगत दारापुरता तुकडा तेवढा उघडा होता.

"आई, सूर्य रस्ता चुकला का गं?"

"येईल. एवढा मोठा दिवस चालून यायचंय त्याला. दमत दमत येईल."

पण तिचं तिलाच ते खरं वाटेना. तिनं दिवा लावला. "चल, वेण्या पुढे घे. यंदा मी काढते तुझी सावली."

मुंगीनं भिंतीकडे पाहिलं. "ही दिव्याची आहे. माझी नाही."

आईनं दिवा घालवला.

आणि तेवढ्यात ऊन आलं. खांबालगतच्या उघड्या तुकड्यातून, एक उभा पट्टा, वर्षभर वाट पाहायला लावणारा तोच मधाचा रंग. मुंगी किंचाळली आणि धावत भिंतीशी जाऊन उभी राहिली.

पण पट्ट्यात आधीच कुणीतरी होतं. एक माणूस. पुसट, मोठा, नुसती सावली. तो वाकायचा, उठायचा, परत वाकायचा. दर वेळी उन्हाची खालची कड विटेएवढी वर सरकायची.

"हा कोण मधेच कडमडला?" मैत्रीण म्हणाली. "बाजूला हो म्हणावं."

आई खिडकी लावायला पुढे झाली. तेवढ्यात सावलीनं हात कानामागे नेला. काहीतरी काढलं, समोर खूण केली, परत कानामागे खोचलं.

"बाबा!" मुंगी हरखून ओरडली. "आई, बाबा आलेत आपल्या भिंतीवर!"

बाबांचं काम लांब आहे, असं मुंगीला सांगितलं होतं. थंडीभर त्यांना कुठलंच काम नव्हतं. मग हे मिळालं. जेवताना, ताटातच बघत, त्यांनी आईला विचारलं होतं, "अगं, भिंत आपल्या खिडकीसमोरच येतेय. धरू का काम?"

"नाही तर काय, ऊन शिजवून वाढू पोरीला?" आई म्हणाली होती. लांब काम आहे असं सांगा, हेही तिनंच सुचवलं होतं.

आज दुपारी ते जिन्यातच पाणी पिऊन, आईला एवढंच सांगून परत गेले. "मुकादमाला म्हटलं, तेवढा तुकडा उद्या करतो. तो म्हणतो, आज दिवस मोठा आहे, उजेड भरपूर आहे, आजच उरकून टाका."

ऊन मुंगीच्या खांद्यावरून गेलं. मग डोक्यावरून. ती दोन्ही वेण्या हातात धरून उड्या मारू लागली. वेण्यांची टोकं उन्हाला लागत होती, सुटत होती. तिनं स्टूल ओढलं, वर चढली, टाचा उंचावल्या. "बाबा, थांबा ना! बाबा!"

सावली क्षणभर थांबली. मग वाकली.

खिडकीबाहेरून, शेवटची वीट ठोकून बसवणाऱ्या थापीच्या दांड्याची टकटक दोनदा ऐकू आली. घरातली भिंत राखाडी झाली. आकाशात अजून लख्ख उजेड होता. सगळ्यात मोठा दिवस अजून संपला नव्हता.

"जाते मी," मैत्रीण म्हणाली आणि गेली.

मुंगी स्टुलावरून उतरली नाही. वेण्या अजून मुठीत होत्या.

"आई," तिनं हळूच विचारलं, "बाबांना तिथून मी दिसत नव्हते ना?"