तिच्याच हातच्या नोंदी

लग्नाच्या नवव्या वर्षी नवऱ्याने तिच्या मोबाइलवर खर्च लिहायचं एक फुकटचं ॲप टाकून दिलं. "दोघांनी हात जरा आखडता घेतला ना, तर दोन वर्षांत स्वतःचं घर होईल बघ," तो म्हणाला आणि ती हुरळून गेली.

तेव्हापासून दूध, भाजी, बसचं तिकीट, सगळं ती तिथल्या तिथे नोंदवायची. चप्पल तुटली तर शिवून घ्यायची. दाढ ठणकली की गोळीवर भागवायची. केससुद्धा तिने आरशासमोर उभं राहून आपले आपणच कापले. महिनाअखेरीला तो ॲपमधले आकडे आपल्या मोबाइलवर पाठवून घ्यायचा आणि ते बघून म्हणायचा, "तुझ्यासारखी बायको शोधून सापडायची नाही." तेवढ्या एका वाक्यावर तिचा पुढचा महिना निघायचा.

घर झालं. पण कागदोपत्री ते त्याच्या एकट्याच्या नावावर निघालं, आणि तिथे राहायला दुसरीच आली.

भावाने फारच आग्रह केला म्हणून तिने पोटगीचा अर्ज केला. कोर्टात तिच्या वकीलबाईंनी दरमहा पंधरा हजार मागितले. नवऱ्याने मान वर न करता एक फाइल आपल्या वकिलाकडे सरकवली. त्यात त्या ॲपमधून काढलेले चोवीस महिन्यांचे कागद होते. वकिलाने ते न्यायाधीशांपुढे ठेवले.


"साहेब, या बाईंना स्वतःसाठी महिन्याला साडेतीनशेच्या वर कधी लागलेलेच नाहीत. बघा ना, त्यांनीच लिहून ठेवलंय."