व्याख्येत न बसलेलं बाळ

"माझं बाळ कशानं गेलं?" एवढंच विचारणाऱ्या आईच्या पत्राला इस्पितळातल्या कारकूनकाकांनी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. काय तोंडानं देणार? मृत्यूच्या नोंदीत त्यांनीच 'अशक्तपणा' लिहिला होता आणि रक्तात जंतू सापडल्याचा अहवाल नंतर तिसऱ्या दिवशी येऊनही ती नोंद तशीच ठेवली होती. आज दगावलेल्या दुसऱ्या एका बाळाचा तसाच अहवाल आला. "मेल्यावर आलेला अहवाल धरायचा नाही, काका. जंतुसंसर्गाच्या व्याख्येत बसत नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. "अशक्तपणाच लिहा." "जंतूंनी तुमची व्याख्या वाचली होती का, साहेब?" काका जन्मात पहिल्यांदा उलटून बोलले. "निवृत्तीला चार महिने राहिलेत. नसती उठाठेव कशाला?" डॉक्टरांनी बजावलं. काका जागेवर आले. दोन्ही नोंदींत 'जंतुसंसर्ग' लिहून त्यांनी पहिल्या अहवालाची नक्कल काढली. सोबत त्या आईला कळवलं, "बाई, तुमचं बाळ अशक्त नव्हतं. मी खोटं लिहिलं," आणि पाकीट टपालपेटीत टाकलं.